शिवणवालीची पंधरावी जागा

त्या कादंबरीत शिवणवाली चौदा ठिकाणी येते. एकूण ओळी एकशे एकतीस. ती सहा वेळा बोलते, सगळे मिळून ब्याण्णव शब्द, आणि त्यांत 'बरं' हा शब्द सात वेळा. तिला नाव नाही, वय नाही. सुई टोचून टोचून तिचा अंगठा जाड झाला आहे असं लेखक दोनदा सांगतो. चौथ्या प्रकरणात तो अंगठा डावा आहे आणि नवव्यात उजवा.

"लेखकाचं सगळं लक्ष नायिकेच्या मानेवर," असं आत्या म्हणायची. "ती मान मात्र तीनशे पानांत कुठे हलत नाही."

हे आकडे मी मागच्या वर्षी काढले, आत्याच्या पुस्तकासाठी. तेव्हा मला वाटत होतं की मी तिला मदत करते आहे.

ती कादंबरी आमच्याकडे सगळ्यांनी वाचलेली असते, निदान वाचली आहे असं सगळे सांगतात. पूल बांधायला आलेला एक इंजिनिअर आणि न्यायाधीशाची मुलगी यांची गोष्ट. न्यायाधीशाला जावई पसंत नाही, म्हणून दोघांची पत्रं शिवणवालीच्या हातून जातात. ती आठवड्यातून दोनदा न्यायाधीशाच्या घरी शिवायला येते, मुलीचं पत्र घेते आणि इंजिनिअरच्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकते. वर्षभरात त्याचा कोट तेवीस वेळा उसवतो आणि गावात कोणाला त्याचं काही वाटत नाही. शेवटी पूल होतो, लग्न होतं, दोघं पुलावरून चालत जातात. शिवणवाली पुलाच्या या टोकाला गर्दीत उभी असते, खांद्यावर पांढरा दोरा चिकटलेला. ही तिची चौदावी जागा. त्यानंतर तिचं काय झालं ते पुस्तकात नव्हतं.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. तिने चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्याचं पान न् पान वाचून चुका शोधल्या. साडेतीनशेच्या वर पुस्तकं तिच्या डोळ्यांखालून गेली. नाव एकावरही नाही. "आमचं नाव चूक सापडली की निघतं," ती म्हणायची, "एरवी आम्ही नसतोच." घरी ती वर्तमानपत्रसुद्धा पेन्सिल घेऊन वाचायची. दूधवाल्याने भिंतीवर लिहिलेली सुट्टीची सूचना तिने एकदा दुरुस्त केली होती आणि खाली तारीख घातली होती. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "स्थळांची पत्रं यायची ना. वाचवत नव्हती."

छापखान्याचं सगळ्यांत जास्त खपणारं पुस्तक म्हणजे हीच प्रेमकथा. तिच्या पाच आवृत्त्या आत्याने तपासल्या. वाचकांची पत्रं आली की मालक ती तिच्या टेबलावर ठेवायचे, कारण उत्तरं शुद्ध जायला हवीत. गेल्या वीस वर्षांतल्या एकोणीस पत्रांत एकच प्रश्न होता: शिवणवाली पुढे काय करते? एका बाईंनी लिहिलं होतं, की मी आजारी होते तेव्हा कादंबरी पुन्हा वाचली, नायक-नायिकेची मला काळजी नाही, त्यांचं कोणीही बघेल, पण त्या बाईला संध्याकाळी घरी कोणी होतं का?

निवृत्त झाल्यावर आत्याने त्याचं उत्तर लिहायला घेतलं आणि दोनशे चौसष्ट पानं झाली.

तिच्या कादंबरीत शिवणवाली पूल पूर्ण झाल्यावर आपलं शिवणयंत्र घेऊन दुसऱ्या गावी जाते. तिथे दुकान काढते. दुकानात एकच नियम: अस्तरात काहीही शिवून मिळणार नाही. पंधरा वर्षांनी कोणीतरी जुना कोट दुरुस्तीला आणतो, आणि तो उसवताना आत एक पत्र सापडतं. तिच्याच टाक्यांमागे. चोविसावं पत्र, जे कधी काढलंच गेलं नाही. एकशे एक्केचाळिसाव्या पानावर ती ते हातात धरून बसते आणि आपले जुने टाके मोजते. मग पत्र न उघडता परत शिवते. टाके तेवढेच, भोकंही तीच.

ते पान मी लगेच पुन्हा वाचलं होतं. आत्याला मी काय सांगितलं? की एकशे अठ्ठावन्नाव्या पानावर दुकानाला दोन पायऱ्या आहेत आणि दोनशे तिसाव्या पानावर तीन.

"बरोबर," ती म्हणाली आणि पायरी खोडली. "फूटपट्टी, तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही."

फूटपट्टी म्हणजे मी. रसायनशास्त्रात पदवी घेऊन मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले होते, पण हे नाव त्याआधीचं. सातव्या वर्षी मी तिच्या घरातल्या सगळ्या दारांची उंची मोजून तिला कळवली होती म्हणे.

छापखान्याच्या धाकट्या मालकांनी कादंबरी एका बैठकीत वाचली आणि छापायचं ठरवलं. मुखपृष्ठाचा नमुना आला त्या दिवशी आत्याने तो कपाटाला टेकवून ठेवला आणि खोलीभर फिरून वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यात पिकायच्या बेतात होता. पुस्तक निघाल्यावर शस्त्रक्रिया, असं ठरलं होतं.

"नाव जरा मोठं वाटतं," ती म्हणाली.

"अक्षर बावीस पॉइंटचं आहे," मी म्हणाले. "शीर्षक छत्तीस."

"तेच म्हणते मी. अठरा चाललं असतं."

पण फोन करून अठरा करायला काही तिने सांगितलं नाही.

मालकांना पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता हवा होता: मूळ कादंबरीत शिवणवाली कुठे कुठे येते, प्रकरण आणि पान. ते काम आपसूक माझ्याकडे आलं. घरच्या नवव्या आवृत्तीवरून मी चौदा जागा काढल्या. पण आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही मोजमाप दोनदा करतात, आणि दुसऱ्यांदा शक्यतो वेगळ्या साधनाने. म्हणून मी सार्वजनिक वाचनालयातून तिसरी आवृत्ती काढली. पानं तपकिरी झाली होती, शिवण सुटली होती. वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी तीन दुपारी मोजलं.

पंधरा जागा निघाल्या.

शेवटच्या प्रकरणात, पुलावरच्या गर्दीनंतर, एक परिच्छेद असा सुरू होतो: 'त्याच थंडीत पुलावरून गाड्या सुरू झाल्या.' त्याच्या खाली, स्वतंत्र परिच्छेद म्हणून, एक वाक्य होतं. 'त्याच थंडीत शिवणवाली तापाने वारली; तिचे यंत्र कोणी नेले ते कोणाला कळले नाही.'

आमच्या घरच्या प्रतीत हे वाक्य नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. कारणसुद्धा मला लगेच दिसलं: दोन्ही परिच्छेद 'त्याच थंडीत' या शब्दांनी सुरू होतात. नव्याने अक्षरजुळणी करणाऱ्याला दुसरा परिच्छेद जुळवून झालेलाच वाटला आणि एक वाक्य गळलं. सहाव्या आवृत्तीत ते होतं, सातवीत नव्हतं. वाचनालयात दोन्ही प्रती होत्या, मी ताडून पाहिल्या. सातवी आवृत्ती बावीस वर्षांपूर्वीची. अक्षरांचे शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तेव्हाची. पुढच्या सगळ्या आवृत्त्या तिच्यावरून निघाल्या.

वाचनालयापासून छापखाना चार मिनिटांवर आहे. आत्याचं घर अठरा मिनिटांवर. ती प्रत घेऊन मी छापखान्यात गेले.

धाकटे मालक पन्नाशीचे आहेत, तरी त्यांना सगळे धाकटेच म्हणतात. थोरले जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी तिसरी आवृत्ती वाचली, मग त्यांची चालू आवृत्ती वाचली, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "आणि एकाही प्राध्यापकाच्या लक्षात येऊ नये?"

"प्राध्यापक शेवटचं प्रकरण वाचत नसतील," मी म्हणाले. ते हसले. मीही हसले. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं आणि त्यांनी आत्याला फोन लावला.

"ताई, जरा येऊन जाता का? नाही, नाही, मुखपृष्ठाचं नाही. तुमची भाची आलीय. काहीतरी शोधून काढलंय तिने."

आत्या पंचवीस मिनिटांनी आली. तेवढ्या वेळात मालकांनी मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून सातव्या आवृत्तीचं शेवटचं मुद्रित शोधून काढलं होतं. त्यांच्याकडे शेवटचं मुद्रित टाकत नाहीत. तपासणाऱ्याने पहिल्या पानावर 'पाहिले, छापावे' असं लिहून सही केलेली असते, आणि उद्या काही वाद झाला तर तो कागद दाखवायचा असतो. सही आत्याची होती, हिरव्या पेन्सिलीची.

मी ते पान काढलं. तिथे आत्याच्या तीन खुणा होत्या. एक मात्रा, एक स्वल्पविराम, एक उलटं पडलेलं अवतरणचिन्ह. स्वल्पविरामाची खूण गळलेल्या जागेच्या अगदी वर होती. खिशात छोटी पट्टी होती. मी अंतर मोजलं. अकरा मिलिमीटर.

आत्या आत आली ती पिशवी काखेत आणि भिंग हातात. मी उठून तिला सगळं सांगितलं, क्रमाने. आधी तक्ता, मग वाचनालय, मग 'त्याच थंडीत'. ती उभीच होती. मालक म्हणाले, "बसा ना ताई," तर ती बसली. मी मुद्रिताचं पान तिच्यापुढे सरकवलं.

"आणि गंमत म्हणजे," मी म्हणाले, "तुझी खूण फक्त अकरा मिलिमीटरवर आहे. इतक्या जवळ येऊन तुझी नजर चुकली. तुझी!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणते. मला ते नेहमी अन्यायाचं वाटायचं.

आत्याने भिंग पानावर धरलं. खूप वेळ धरलं. मग ते पिशवीत ठेवलं.

"अहो ताई, एवढं काय त्यात," मालक म्हणाले. "नवीन संगणक, नवीन माणसं. घाई होती. एक वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं. माणूस आहे, चालायचंच."

"सुटलं नाही," आत्या म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी पाहिलं होतं. पेन्सिल टेकवली होती मी तिथे. काकपद काढायचं, समासात वाक्य लिहायचं, झालं. अर्ध्या मिनिटाचं काम." काकपद म्हणजे मजकूर गळला आहे हे दाखवायची खूण, कावळ्याच्या पायासारखी. "नाही काढलं."

"का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता मालकांशी बोलत राहिली. "काढून टाकलं असं नाही हं. मी कोणाचा शब्द कधी काढलेला नाही. ते आपणहून गळलं होतं. बाकीच्या सगळ्यांच्या चुका मी दुरुस्त केल्या. ही एक मला आवडली."

पलीकडच्या खोलीत छपाईयंत्र चालू होतं. टेबलावरच्या कपात चहा थरथरत होता.

"बरं," मालक शेवटी म्हणाले. त्यांनी मुद्रिताची पानं जुळवली, दोरी गुंडाळली. "हे तिघांना माहीत आहे. कपाटात परत ठेवतो. बावीस वर्षं कोणाचं काही अडलं नाही, आणखी बावीस अडणार नाही. तुमचं पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय, मुखपृष्ठ छापून झालंय..."

"मूळ लेखक नाहीत आज," आत्या म्हणाली. "असते तर भांडले असते. त्यांच्या वतीने भांडायला कोणाला ठेवलं होतं इथे? मला. पगार देऊन."

"मग वाक्य परत घालू. बारावी आवृत्ती येतेच आहे. आणि तुमच्या पुस्तकाच्या सुरुवातीला दोन ओळी लिहू, की समजा शिवणवाली त्या तापातून उठली असती, तर..."

"'समजा'ने सुरू होणारं पुस्तक मी वाचत नाही, छापू कशाला?" ती उठली. "माझं राहू द्या. मेलेल्या बाईच्या नावावर मी दुकान काढलंय, दोनशे चौसष्ट पानांचं."

"ताई, असं तडकाफडकी नका ठरवू."

"तडकाफडकी कुठे, बावीस वर्षं झाली." मग तिचा आवाज बदलला. मालकांना ती छापखान्यात नेहमी अहो-जाहो करायची, त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं असूनही. "तू चांगला आहेस रे. तुझे वडील असते तर मला आधी घरी पाठवलं असतं, मग कपाट उघडलं असतं."

त्या वाक्यात माझं नाव नव्हतं. पण कपाट कोणामुळे उघडलं, हे तिघांनाही माहीत होतं.

घरी जाताना मी तिची पिशवी घेतली. रस्ता ओलांडताना तिला डाव्या बाजूची वाहनं दिसत नाहीत, म्हणून मी डावीकडून चालत होते.

"आत्या, मी कोणाला काही सांगणार नाही."

"तू आत्ताच सांगितलंस."

पुढच्या कोपऱ्यावर आम्ही वळलो. मग ती म्हणाली, "तुझ्यावर रागावले नाहीये. मी असते तर मीही सांगितलं असतं. तुझ्याएवढी असताना तर धावत जाऊन."

"तुझं एकशे एक्केचाळिसावं पान," मी म्हणाले. "टाके मोजते ते. ते मला फार आवडलं होतं. मी चार वेळा वाचलं."

ती थांबली. भर फुटपाथवर, लोकांच्या मध्ये.

"मग बोलली का नाहीस?"

"त्यात काही चूक नव्हती."

ती हसली, पण नेहमीसारखं नाही. "घ्या. आमचंच वळण," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्यानंतर तिने कादंबरीचा विषय काढला नाही. हस्तलिखित तिच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली आलं. शनिवारी मी तिचं सामान आणून देते. ती यादी लिहून ठेवते. पूर्वी यादी कुठल्याही चिठ्ठीवर असायची, आता हस्तलिखिताच्या पानामागे असते. बटाटे, साबण, दोन बल्ब, सुईत दोरा ओवायची पट्टी. मागे शिवणवाली नव्या गावात खोली शोधत असते. पहिल्या शनिवारी मी म्हणाले, "हे कादंबरीचं पान आहे."

"एका बाजूने कोरं आहे," ती म्हणाली. "कागद वाया कशाला घालवायचा?"

याद्या मी टाकत नाही. दुकानदाराला वाचून दाखवते, घडी घालते आणि घरी नेऊन क्रमाने फायलीत लावते. ती वरून क्रमाने पानं घेते, त्यामुळे ते सोपं जातं. एकशे एक्केचाळिसावं पान आठवड्याला एक या हिशेबाने कधी येईल ते मी काढून ठेवलं आहे.

बाराव्या आवृत्तीचं मुद्रित दीड महिन्यांनी आलं. मालक स्वतः घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, की दुसऱ्या कोणाकडूनही तपासून घेता येईल. आत्याने गठ्ठा त्यांच्या हातातून घेतला.

"वाक्य घातलंय?" तिने विचारलं.

"नाही. जुनीच फाइल आहे. तुम्ही खूण कराल तिथे घालू." मालकांनी जरा थांबून म्हटलं, "खूण केलीत तर. नाही केलीत तर मी काही विचारणार नाही, ताई."

"जा आता. जिना बघून उतर."

एका डोळ्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती, दुसरा थकला होता. एकटीने तपासणं तिला जमणार नव्हतं. म्हणून आम्ही जुन्या पद्धतीने बसलो: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. विरामचिन्हंही वाचायची. ऐकणाऱ्या परक्या माणसाला ते वेड्यांचं संभाषण वाटतं. 'ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद.' न्यायाधीशाची मुलगी रडते तेव्हा तीन उद्गारचिन्हं आहेत. ती वाचून मी थकले. आत्याने मुद्रित दीडपट मोठं करून घेतलं होतं आणि भिंग एका पुस्तकांच्या चळतीवर असं बसवलं होतं की दोन्ही हात मोकळे राहतील. आम्ही रोज दुपारी दोन तास काम करायचो. नवव्या प्रकरणातल्या अंगठ्यापाशी ती म्हणाली, "उजवाच राहू दे. त्यांची चूक आहे, त्यांची त्यांना."

अकराव्या दुपारी शेवटचं प्रकरण आलं.

मी तिसऱ्या आवृत्तीतून वाचत होते. पुलावरची गर्दी झाली. खांद्यावरचा दोरा झाला. "नवा परिच्छेद," मी वाचलं, "त्याच थंडीत पुलावरून गाड्या सुरू झाल्या पूर्णविराम."

पुढचं वाक्य माझ्यासमोर होतं. वर डाग, उजव्या कोपऱ्यात कोणीतरी पूर्वी केलेली घडी. आत्याच्या हातातल्या मुद्रितात त्या जागी काही नव्हतं. मी वाचलं नाही तर तिला खूण करावी लागणार नव्हती. शिवणवाली त्या थंडीतून सुटली असती, नव्या गावी गेली असती, दुकान काढलं असतं. मालक विचारणार नव्हते. खिडकीखालच्या गठ्ठ्यातली फक्त आठ पानं खर्ची पडली होती, आणि ती आठही माझ्या फायलीत होती, क्रमाने.

मी त्याच्या पुढचा परिच्छेद सुरू केला. "नवा परिच्छेद. वसंत ऋतूत न्यायाधीशांनी स्वतः येऊन..."

"फूटपट्टी."

मी थांबले.

"एक वाक्य राहिलं."

"मला दिसलं नाही."

"दिसलं."

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंगाकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होती. पण पेन्सिलीचं टोक दोन परिच्छेदांच्या मधल्या जागेवर आधीच टेकलेलं होतं.

"तू नाही वाचलंस तर मला येतंच," ती म्हणाली. "पण मूळ प्रत ज्याच्या हातात असते त्याने वाचायचं असतं. तसं आहे ते."

"आत्या, नको ना."

"हळू वाच. लिहायचंय मला."

मी वाचलं. "नवा परिच्छेद. त्याच थंडीत शिवणवाली तापाने वारली अर्धविराम."

"थांब." तिने काकपद काढलं, रेघ समासापर्यंत नेली आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर मोठं येत होतं, ओळ खाली उतरत होती. "वारली. अर्धविराम. हं."

"तिचे यंत्र कोणी नेले ते कोणाला कळले नाही पूर्णविराम."

"कोणी नेले," ती लिहिता लिहिता म्हणाली. "ते मला माहीत होतं."

पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. तिने ते न पाहता बोटाने चाचपलं, मला दिलं, मी टोक काढून दिलं. मग ती म्हणाली, "पुढे," आणि आम्ही संध्याकाळी सहाला शेवटच्या पानावर पोहोचलो. तिने गठ्ठा उलटला आणि पहिल्या पानावर 'पाहिले, छापावे' असं लिहिलं. सही कुठे करायची ते मला बोट ठेवून दाखवावं लागलं.

बारावी आवृत्ती चार आठवड्यांनी आली. मालकांनी एक प्रत आत्याला पाठवली आणि एक मला, आत काही न लिहिता. मी वाचनालयात जाऊन, खिडकीजवळच्याच टेबलावर, ती तिसऱ्या आवृत्तीशी पुन्हा ताडून पाहिली. मोजणी दोनदा केली; दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

शिवणवाली पंधरा ठिकाणी येते. एकूण ओळी एकशे तेहेतीस. पंधरावी जागा: पान तीनशे बारा, ओळी नववी आणि दहावी, शब्द तेरा, अर्धविराम एक, पूर्णविराम एक.